सस्कॅचवानचे तेवीस दिवस

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या गव्हाळ मैदानात, सस्कॅचवान प्रांतात, सार्निया नावाची एक ग्रामीण पालिका आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात तिथला डॉक्टर गाव सोडायच्या बेतात होता. वस्ती विरळ, दोन घरांमध्ये मैलामैलाचे अंतर, आणि पेशंट पैसे देणार ते पीक विकल्यावर. पालिकेने सभा घेतली आणि करातून डॉक्टरला वर्षाला १५०० डॉलर द्यायचे ठरवले. असा खर्च करायची कायद्यात सोयच नव्हती. प्रांत सरकारने ती मागाहून, १९१६ साली केली. त्यानंतर एकामागून एक पालिका स्वतःचा पगारी डॉक्टर ठेवू लागल्या. त्याच सुमारास शेजारशेजारच्या पालिकांनी मिळून रुग्णालये बांधायलाही सुरुवात केली.

सरकारी वैद्यकीय विम्यावर उत्तर अमेरिकेतली सर्वांत कडवी लढाई या प्रांतात १९६२ च्या जुलैत झाली. तिची हकीकत बहुधा १ जुलैला डॉक्टरांनी बंद केलेल्या दारांपासून सांगितली जाते. मला ती सार्नियाच्या त्या सभेपासून सांगावीशी वाटते. डॉक्टरचे पैसे सगळ्यांनी मिळून, आजार येण्याआधीच भरायचे, ही गोष्ट या लोकांना कुठल्या पुस्तकातून किंवा पक्षाच्या जाहीरनाम्यातून कळलेली नव्हती. त्यांनी ती दोन पिढ्या करून पाहिली होती, तिचे हिशेब ठेवले होते, तिच्यासाठी कर भरला होता. म्हणूनच १९६२ मध्ये ‘हे परवडणार नाही’ असे जेव्हा त्यांना सांगण्यात आले, तेव्हा ते त्या माणसांना पटवणे अवघड गेले.

मध्ये तिसाचे दशक येऊन गेले. जागतिक मंदी आणि दुष्काळ एकाच वेळी आले. वाऱ्याबरोबर शेतातली माती उडून जाई. १९३७ साली गव्हाचे सरासरी पीक एकरी तीन बुशेलसुद्धा आले नाही. गावोगावची कुटुंबे सरकारी मदतीवर जगत होती, आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टरही जवळजवळ फुकटच राबत होते. काहींना फीच्या बदल्यात कोंबड्या आणि सरपण मिळे. त्या दिवसांत डॉक्टरांच्या संघटनांनाच सरकारी विमा हवासा वाटत होता. १९४३ मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशनने आरोग्य विम्याच्या तत्त्वाला मान्यता दिली होती. वीस वर्षांनी याच संघटनेने त्याच तत्त्वाविरुद्ध कंबर कसली. मधल्या काळात काय बदलले? डॉक्टरांना पैसे मिळू लागले होते. युद्धानंतर त्यांनी स्वतःच्या विमा योजना काढल्या. ज्यांना हप्ता परवडत होता ते त्यात आले आणि डॉक्टरांची बिले वेळेवर भागू लागली. बाकीचे लोक, म्हणजे म्हातारे, जुनाट दुखणेकरी आणि कमी कमाईचे शेतकरी, यांची सोय सरकारने करावी, एवढेच मग डॉक्टरांचे म्हणणे उरले.

टॉमी डग्लस हे नाव कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही परिचयाचे असेल. त्यांच्या पाकिटातल्या आरोग्य कार्डाची कूळकथा या माणसापाशी जाते. स्कॉटलंडमध्ये १९०४ साली जन्मलेला हा मुलगा आईवडिलांबरोबर विनिपेगला आला. त्याच्या गुडघ्याच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता आणि पाय कापावा लागेल असे डॉक्टर म्हणत होते. एका नामांकित शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यायच्या अटीवर, ती फुकट केली आणि पाय वाचला. पुढे डग्लस वेबर्न गावात बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झाले, मंदीत लोकांचे हाल पाहिले आणि राजकारणात उतरले. आपला पाय केवळ योगायोगाने वाचला, असे ते जन्मभर सांगत राहिले. १९४४ च्या निवडणुकीत त्यांचा समाजवादी विचारांचा पक्ष, को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, ५२ पैकी ४७ जागा जिंकून सत्तेवर आला. डग्लस प्रीमियर झाले आणि आरोग्य खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले.

त्यांनी घाई केली नाही, आणि याचे श्रेय त्यांना कमीच मिळते. आधी एका विभागात प्रयोग झाला. स्विफ्ट करंटच्या परिसरातल्या पालिकांनी मतदान घेऊन एकत्र यायचे ठरवले आणि १ जुलै १९४६ पासून तिथे प्रत्येकाला डॉक्टर आणि रुग्णालय दोन्ही विम्यावर मिळू लागले. डॉक्टर पगारी नव्हते, त्यांना प्रत्येक तपासणीमागे ठरलेला दर मिळे. डॉक्टर तिथून पळून जातील हे भाकीत खोटे ठरले. बिल हमखास मिळते म्हटल्यावर उलट नवे डॉक्टर त्या कोरड्या मुलुखात राहायला आले. १ जानेवारी १९४७ पासून सगळ्या प्रांतासाठी रुग्णालय विमा सुरू झाला. माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३०.

खर्चाचा पहिला धडा इथेच मिळाला. हप्त्यांतून रुग्णालयांचा खर्च भागेना आणि उरलेला भार प्रांताच्या तिजोरीवर पडत गेला. पैशांअभावी दुखणे अंगावर काढत आलेली माणसे आता रुग्णालयात येत होती. याला टीकाकार उधळपट्टी म्हणत. माझ्या मते तो इतकी वर्षे साचलेल्या आजाराचा हिशेब होता, फक्त आता तो एका ठिकाणी लिहिला जात होता. पण तिजोरीला दोन्हीचा भार सारखाच, हेही खरे. डॉक्टरांच्या फीचा विमा सगळ्या प्रांतात न्यायला डग्लस यांना आणखी बारा वर्षे थांबावे लागले ते यामुळेच. १९५७ साली संघराज्य सरकारने रुग्णालय विम्याचा साधारण अर्धा खर्च उचलण्याचा कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून पैसे येऊ लागले. सस्कॅचवानने दहा वर्षे पदरमोड करून चालवलेल्या योजनेतून त्यामुळे पैसा मोकळा झाला.

१६ डिसेंबर १९५९ ला डग्लस रेडिओवरून बोलले. योजनेची पाच सूत्रे त्यांनी मांडली: पैसे आगाऊ भरलेले असतील, सर्वांना लाभ मिळेल, सेवेचा दर्जा उच्च राहील, कारभार विधिमंडळाला जबाबदार असलेल्या सार्वजनिक संस्थेकडे असेल, आणि सेवा देणारा व घेणारा अशा दोघांनाही योजना मान्य असेल. पाचवे सूत्र वाचून आजही थबकायला होते. त्यातून डॉक्टरांच्या हाती नकाराधिकारच गेला. देणाऱ्याला मान्य नसेल तर काय, याचे उत्तर त्या भाषणात नव्हते आणि पुढची अडीच वर्षे ते कुणालाच सापडले नाही.

जून १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. प्रांतातली डॉक्टरांची संघटना, कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स, हीच डॉक्टरांना परवाना देणारी संस्थाही होती. हितसंबंध आणि शिस्त दोन्ही एकाच हाती असल्याने वेगळे मत असलेल्या डॉक्टरला तोंड उघडणे कठीण होते. संघटनेने प्रत्येक सदस्यावर १०० डॉलरची वर्गणी बसवली आणि प्रचारात उतरली. तुमच्या दुखण्याची गुपिते सरकारी कारकुनाच्या हाती जातील, चांगले डॉक्टर निघून जातील, त्यांच्या जागी बाहेरून हलक्या दर्जाचे येतील, अशी भीती घरोघर घातली गेली. बायकांच्या खास आजारांवरूनही घाबरवले गेले. प्रचार इतका टोकाला गेला की तो उलटला. डग्लस यांचा पक्ष बहुमताने निवडून आला. मते मात्र ४१ टक्क्यांच्या आसपासच होती, आणि हा कौल योजनेला मिळालेला नाही असे म्हणायला डॉक्टरांना त्यातून जागा मिळाली.

सस्कॅचवान विद्यापीठाचे माजी अध्यक्ष वॉल्टर थॉम्पसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात डॉक्टर होते, व्यापारी होते, कामगारांचा प्रतिनिधी होता. समिती एकमताने काही सांगू शकली नाही. बहुमताचा अहवाल सर्वांसाठी विमा असावा असा आला, आणि १९६१ च्या शरदात बोलावलेल्या खास अधिवेशनात कायदा झाला. पैसे उभे करण्याचा भाग सरकारने लपवला नाही: व्यक्तीला वर्षाला १२ डॉलर, कुटुंबाला २४, विक्रीकर ३ वरून ५ टक्के, आणि प्राप्तिकरावर जादा भार. कर वाढवून सामाजिक योजना आणणारे आणि तसे मतदाराला तोंडावर सांगणारे सरकार विरळाच. या आकड्यांवर विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत खडाजंगी झाली, पण रस्त्यावर कुणी उतरले नाही.

योजना राबवण्याचे कागदी कामही बरेच सोपे गेले. रुग्णालय विम्यामुळे १९४७ पासून प्रांतातल्या माणसांची नोंद तयार होती आणि हप्ता गोळा करायला गावोगावच्या पालिका सरावलेल्या होत्या. याद्या तयार, पैसे तयार, अंमलबजावणीसाठी आयोग नेमलेला, आणि तरीही योजना सुरू होईना, कारण डॉक्टर आयोगाशी बोलायलाच तयार नव्हते. १ एप्रिल १९६२ ची ठरलेली तारीख १ जुलैवर ढकलावी लागली.

डॉक्टरांचे म्हणणे न्यायाने मांडायला हवे. कायद्याने आयोगाला बरेच मोघम अधिकार दिले होते. पैसे देणारा एकच, आणि तोही सरकार, म्हटल्यावर उद्या दर कोण ठरवणार, कुणाला किती तपासायचे हे कोण सांगणार, हा प्रश्न पोकळ नव्हता. प्रांतातल्या अनेक डॉक्टरांनी ब्रिटनमधली राष्ट्रीय आरोग्यसेवा सोडून इथे संसार थाटला होता आणि तिथला अनुभव त्यांच्या मनात सलत होता. त्यात एप्रिलमध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यानुसार आयोग पेशंटचा प्रतिनिधी म्हणून डॉक्टरचे बिल भागवू शकणार होता, आणि मग डॉक्टरला पेशंटकडून वेगळी वसुली करता येणार नव्हती. योजनेबाहेर राहायची वाट त्यामुळे बंद झाली अशी डॉक्टरांची भावना झाली. सरकारची ही चूक होती असे मला वाटते. वाटाघाटीच्या तोंडावर असे कलम आणल्याने डळमळीत असलेले डॉक्टरही विरोधकांच्या बाजूला गेले.

डग्लस तेव्हा प्रांताच्या सरकारात नव्हतेच. नव्याने स्थापन झालेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय नेतृत्व घ्यायला ते गेले होते, आणि १८ जूनच्या संघराज्य निवडणुकीत रिजायनाच्या मतदारांनी त्यांना पाडले. प्रीमियरच्या खुर्चीवर वुडरो लॉइड होते. पेशाने शिक्षक, मितभाषी, टाळ्या घेणारे वक्ते मुळीच नव्हेत. ३ मे रोजी ते रिजायनात भरलेल्या डॉक्टरांच्या सभेसमोर उभे राहिले. सहाशेच्या आसपास डॉक्टर जमले होते. लॉइड यांनी सवलती सांगितल्या, बोलणी करण्याचे आवाहन केले. त्यांचे भाषण झाल्यावर, या कायद्याखाली काम न करणाऱ्यांनी उभे राहावे असे सांगण्यात आले आणि जवळजवळ सगळे सभागृह उभे राहिले.

१ जुलै रविवार होता आणि कॅनडाचा राष्ट्रीय दिन. प्रांतातल्या सुमारे ९०० डॉक्टरांपैकी बहुतेकांनी दवाखाने बंद केले. काही सुट्टीवर गेले, काही प्रांतच सोडून गेले. तीसेक रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू ठेवली होती. त्या पहिल्याच दिवशी मेंदूज्वराने फणफणलेल्या नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन एक जोडपे एका गावातून दुसऱ्या गावात डॉक्टर शोधत फिरले, आणि बाळ वाटेतच गेले. वेळेवर डॉक्टर भेटता तरी ते वाचले असते का, यावर वाद झाले. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. कुठल्याही मागणीसाठी आईबापांना अशी वणवण करायला लावण्याचा अधिकार वैद्यकाला नाही.

‘आमचे डॉक्टर राखा’ नावाच्या समित्या गावोगाव निघाल्या. त्यांत सामील झालेल्या कितीतरी आया खरोखरच घाबरलेल्या होत्या. आपल्या लेकरांचा डॉक्टर निघून जाईल ही त्यांची धास्ती खरी होती. या धास्तीचा उपयोग मात्र लिबरल पक्षाने, व्यापारी संघटनांनी आणि रिजायना व सस्कटूनच्या मोठ्या वर्तमानपत्रांनी करून घेतला. ११ जुलैला रिजायनाच्या विधिमंडळासमोर प्रचंड मोर्चा येणार, तीसचाळीस हजार माणसे येणार, अशी हवा केली गेली. आली ती चार-पाच हजार. पारडे त्या दिवशी फिरले. कापणीच्या हंगामाची तयारी सोडून, मैलोगणती गाडी हाकत सरकारविरुद्ध घोषणा द्यायला शेतकरी गेला नाही. चाळीस वर्षे ज्याने डॉक्टरचे पैसे पालिकेच्या करातून भरले होते, त्याला सामाईक खजिन्याचे भय घालून किती घालणार?

इकडे सरकार हात बांधून बसलेले नव्हते. लंडनमधले प्रांताचे प्रतिनिधी ग्रॅहम स्प्राय यांनी ब्रिटनमधून डॉक्टर मिळवायची खटपट केली आणि विमानाने ते येऊ लागले. प्रांतातही मोजके डॉक्टर विमा योजनेच्या बाजूने उभे राहिले. प्रिन्स अल्बर्टमध्ये ऑरव्हिल येर्टास यांनी आणि सस्कटूनमध्ये जोन विटनी-मूर व मार्गारेट महूड यांनी लोकांच्या सहकारी दवाखान्यांत काम सुरू केले. जागा लोकांनी मिळवली, पैसे लोकांनी जमवले, डॉक्टरांनी फक्त यायचे. त्यांना पुढे व्यवसायबंधूंनी वाळीत टाकल्यासारखे वागवले आणि काही रुग्णालयांत काम करण्याची परवानगी मिळवायलाही झगडावे लागले. या दवाखान्यांनी डॉक्टरांच्या संघटनेला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, असे घटनाक्रम पाहता वाटते. सरकारशी भांडता येते, पण शेजारीच माणसे स्वतःचा दवाखाना उघडून बसली तर दार बंद ठेवण्याला अर्थ उरत नाही.

कोंडी फोडायला लॉर्ड स्टीफन टेलर ब्रिटनहून आले. ते स्वतः डॉक्टर, मजूर पक्षाचे, आणि ब्रिटिश आरोग्यसेवेच्या उभारणीत वाटा असलेले. त्यांनी मानधन नाकारले आणि उत्तरेकडच्या तळ्यांवर मासेमारीची एक सहल तेवढी मागितली. दोन्ही बाजूंना त्यांनी एका खोलीत बसू दिले नाही. स्वतःच एकीकडून दुसरीकडे मसुदे नेत राहिले, कधी समजावत, कधी डाफरत. २३ जुलैला सस्कटून करारावर सह्या झाल्या आणि डॉक्टर कामावर परतले.

वर्तमानपत्रांनी तडजोड छापली, पण तिच्यातले कलम न् कलम वाचले पाहिजे, कारण पुढच्या साठ वर्षांचे खर्चाचे गणित तिथे ठरले. सर्वांसाठी, सक्तीचा, सरकारी विमा हे तत्त्व टिकले. त्याबदल्यात डॉक्टरांना योजनेबाहेर राहून पेशंटकडून थेट पैसे घेण्याची मुभा मिळाली. ज्यांना सरकारकडून थेट धनादेश नको होता त्यांच्यासाठी जुन्या खासगी विमा संस्था टपालघरासारख्या मध्ये ठेवल्या गेल्या. पैसे सरकारचेच, फक्त पाकिटावर नाव दुसऱ्याचे. आणि सर्वांत मोठे कलम: तपासणीगणिक फी, तीही संघटनेच्या स्वतःच्या दरपत्रकाच्या ८५ टक्के. पगारी किंवा गट पद्धतीने काम करणाऱ्या दवाखान्यांचा जो विचार योजनेच्या बाजूच्या मंडळींनी केला होता, तो अडगळीत गेला. डॉक्टरने जितक्या वेळा तपासावे तितके बिल, ही रचना कायम झाली. सरकारने शांततेची किंमत मोजली आणि ती दरवर्षी मोजत राहण्याचे बांधून घेतले. लॉइड यांना दुसरा मार्ग होता असे मला वाटत नाही. आणखी पंधरा दिवस ताणले असते तर योजनाच बुडाली असती.

१९६४ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. रॉस थॅचर यांचे लिबरल सरकार आले, आणि त्यांनी योजना मोडली नाही. तोवर डॉक्टरांची मिळकत वाढली होती आणि मोडा म्हणणारे कुणी उरले नव्हते. त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाचा अहवाल आला. कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्याच आग्रहावरून हा आयोग नेमला गेला होता आणि त्याने देशभर सस्कॅचवानसारखाच विमा सुचवला. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने १७७ विरुद्ध २ मतांनी कायदा मंजूर केला. खर्चाच्या काळजीने अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलून १ जुलै १९६८ वर नेली गेली, आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत आत आले.

थॅचर यांनी १९६८ मध्ये खर्चाला आळा घालायचा म्हणून एक प्रयोग केला: दवाखान्यात गेल्यास दीड डॉलर, घरी डॉक्टर बोलावल्यास दोन डॉलर, रुग्णालयात दिवसाला अडीच. माणूस विनाकारण डॉक्टरकडे जातो, थोडी झळ बसली की जाणार नाही, हा त्यामागचा तर्क. पुढे अर्थशास्त्रज्ञ आर. जी. बेक यांनी आकडे तपासले तेव्हा दिसले की एकूण वापर सहासात टक्क्यांनी घटला, पण गरीब कुटुंबांचा वापर सुमारे १८ टक्क्यांनी घटला. ज्यांना डॉक्टरची गरज होती आणि खिशात दीड डॉलर नव्हते, ती माणसे घरी थांबली. १९७१ मध्ये ॲलन ब्लेकनी यांचे सरकार येताच ही फी रद्द झाली. पेशंटकडून वरकड पैसे घेण्याची डॉक्टरांची मुभा देशभरात संपायला मात्र १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट यावा लागला.

सस्कटून आणि प्रिन्स अल्बर्टचे सहकारी दवाखाने आजही चालू आहेत. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक एका छताखाली, आणि कारभार सभासदांचा. प्रांतातले बहुसंख्य डॉक्टर मात्र तपासणीगणिक बिल लावतात, आणि सरकार व वैद्यकीय संघटना ठरावीक वर्षांनी समोरासमोर बसून दरपत्रकाची एकेक ओळ ठरवतात.